त्या आईसमोर जे म्हणता येणार नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. ख्रिस्ती घरात जन्मलो, वाढलो. पत्नीही श्रद्धाळू आहे. गेल्या वर्षी धाकट्या भावाची चार वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत होती. ती गेल्यावर लोक सांत्वनाला आले आणि म्हणाले, ‘देवाची योजना असते’, ‘देवाला तिची जास्त गरज होती’. एकाने तर ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल’ असेही सुनावले. तेव्हापासून मला काहीच पटेनासे झाले आहे. देव सर्वशक्तिमान आणि प्रेमळ असेल तर हे का? आदामाच्या पापाचे फळ चार वर्षांच्या मुलीला का? क्षमा करायला देवाला पुत्राचे रक्त का लागावे? ज्यांनी येशूचे नावही ऐकले नाही ते अनंतकाळ नरकात? आणि एकात तीन हे कसले गणित? रात्री उशिरापर्यंत मी यावरचे वादविवाद वाचतो, ऐकतो. रविवारी सगळे विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतात तेव्हा नुसते ओठ हलवतो आणि स्वतःलाच ढोंगी म्हणतो. पत्नीशी बोलायला गेलो की भांडण होते. नऊ वर्षांची मुलगी विचारते, ‘छोटीला देवाने का नेले?’ म्हाताऱ्या आईला यातले काही ठाऊक नाही. मी अजून ख्रिस्ती उरलो आहे का? नसेन, तर घरच्यांना कसे सांगू?

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात सिद्धान्तांबद्दल पानभर मजकूर आहे आणि पुतणीबद्दल एकच वाक्य. ती कशी हसायची, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, शेवटी तुम्ही तिच्याजवळ होतात का, यातले काहीच नाही. मला वाटते, तिच्याबद्दल लिहिणे अजून झेपत नाही म्हणून तुम्ही तिच्या जागी प्रश्न लिहिलेत. यात गैर काही नाही. मात्र कुणी तुम्हाला ‘दुःखात आहेस म्हणून असे बोलतोस, दुःख ओसरले की शंकाही जातील’ असे समजावू लागले, तर तेही मानू नका. प्रश्न दुःखातून आला म्हणून खोटा ठरत नाही. तुमचा शोक आणि तुमचे प्रश्न ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतील. उद्या अगदी बिनतोड उत्तर सापडले तरी तिची आठवण सतावायची थांबणार नाही, आणि पोटभर रडून झाले तरी प्रश्न तिथेच असेल.

आधी ‘विश्वास कमी पडला’ या वाक्याचा निकाल लावू. ते क्रूर आहे. शिवाय ज्या धर्माच्या नावाने ते उच्चारले गेले त्या धर्माच्या ग्रंथातही त्याला थारा नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळून जावो. तो टळला नाही. मान्य न झालेली प्रार्थना हा अल्पविश्वासाचा पुरावा मानायचा, तर पहिला आरोप येशूवरच येतो. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. (त्याचे पुढचे म्हणणे, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून हा असा जन्मला, मला स्वतःला फार जड जाते. पण दोषी शोधण्याचा उद्योग तो तिथेच थांबवतो, एवढे नक्की.) लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा विषय निघतो. ती माणसे इतरांहून जास्त अपराधी होती असे वाटते का, असे विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. भावाच्या घरात पुन्हा कुणी हे बोलले तर आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा: हे खरे नाही आणि हे इथे बोलायचे नाही. तुमचा स्वतःचा विश्वास डळमळला असला तरी एवढे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

‘योजना’ आणि ‘गरज’ ही वाक्ये वेगळी आहेत. ती बहुतेकदा चांगल्या माणसांच्या तोंडून, काय बोलावे ते सुचत नाही म्हणून येतात. बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र असेच होते. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे आली, अशा ईयोबाजवळ ते सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि पुढचे कित्येक अध्याय ते दळण चालू राहिले. पुस्तकाच्या अखेरीला देव रागावतो तो या मित्रांवर, देवाची बाजू घेणाऱ्यांवर. आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा, देवाला न्यायासनापुढे खेचू पाहणारा ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देव म्हणतो. आता याच पुस्तकाचा शेवट, गेलेल्या दहा मुलांच्या बदल्यात दहा नवी मुले, मला कधीच पटलेला नाही. मूल बदलून मिळत नसते. पण दुःखी माणसाला कारण ऐकवणे हे पुण्यकर्म नव्हे, हा त्या पुस्तकाचा निवाडा अडीच हजार वर्षांत कुणाला पुसता आलेला नाही.

आता तुमच्या पहिल्या गृहीतकाकडे येते. प्रश्न विचारू लागलो म्हणजे आपण बाहेरचे झालो, असे तुम्ही धरून चालला आहात. देवाला वाईट रोखायचे आहे पण जमत नाही, की जमते पण करायचे नाही, हा सुप्रसिद्ध पेच एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितला जातो. तो जुन्या काळातून आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः लॅक्टँशियस या चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकामुळे. त्याने उत्तर देण्यासाठी प्रश्न पूर्ण उतरवून घेतला. उत्तर फारसे कुणाला आठवत नाही, प्रश्न मात्र टिकला. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पाहा. त्यात शेवटी आशेची ओळ येतच नाही, ते अंधारावर संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून जपले गेले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण गमावली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यासारख्या (तुमचे ‘एकात तीन’) सिद्धान्तांवर सिस्टर जेराल्डीन या तिथल्या जोगिणीशी पत्रांतून खडाजंगी वाद घातला. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. या बाईंना अश्रद्ध म्हणायला कुणी धजावेल असे वाटत नाही.

मूळ प्रश्नाला हात घालते. तुम्ही जे वाद ऐकता त्यांत दोन निरनिराळे प्रश्न एकात एक मिसळलेले असतात, म्हणून ऐकून समाधान होत नाही. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने मांडले की देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि जगात वाईट आहे, ही तीन विधाने एकत्र खरी असूच शकत नाहीत. १९७४ मध्ये अल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी उत्तर दिले की खरेखुरे स्वतंत्र जीव घडवायचे आणि ते कधीच वाईट वागणार नाहीत याची हमीही घ्यायची, हे सर्वशक्तिमानालाही एकाच वेळी जमणारे नसेल, कारण हमी आली की स्वातंत्र्य संपले. निव्वळ तर्क म्हणून हे उत्तर अनेक नास्तिक तत्त्वज्ञांनीही ग्राह्य धरले. विल्यम रो हे त्यांतले एक. पण त्यांनीच १९७९ मध्ये प्रश्नाला नवी धार लावली. जंगलातल्या वणव्यात एक हरणाचे पाडस होरपळते आणि कुणाच्या नजरेलाही न पडता दिवसचे दिवस तळमळून मरते. यातून कुणाचे काय भले झाले? विसंगती सिद्ध होत नसेल, पण असले निष्फळ दुःख पाहता प्रेमळ देव असण्याची शक्यता कमी होते की नाही?

तुमचा प्रश्न रो यांचा आहे. आणि मंचावरचे वक्ते बहुतेकदा मॅकींच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाळ्या घेतात.

स्वातंत्र्याची ढाल युद्ध, खून, छळ यांच्यापुढे थोडीफार टिकते. रक्तपेशीतला बिघाड कुणाच्या दुष्ट निवडीतून आलेला नसतो, तिथे ती कामाची नाही. म्हणून काही जण निसर्गनियमांकडे वळतात. पेशी विभागतात म्हणून मूल वाढते, विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत कधीतरी चूक होते. जी यंत्रणा वाढवते तीच मारते, एक हवी तर दुसरी पत्करावी लागते. यात तथ्य आहे, आणि यातून निदान एवढे कळते की तुमच्या पुतणीला कुणी निवडून आजार दिलेला नव्हता. पण पुढची गोष्टही पाहा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलांमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून फारच थोडी मुले वाचत. आज जिथे चांगल्या उपचारांची सोय आहे तिथे त्याच आजाराची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. तुमची छोटी त्यांत नव्हती, म्हणून हा आकडा तुम्हाला टोचेल हे मला कळते. तरी तो सांगते, कारण ‘देवाची योजना’ म्हणून सगळे हात जोडून बसले असते तर यातले एकही मूल वाचले नसते. आणि त्यातूनच नियमांच्या युक्तिवादाला खरा प्रश्न पडतो: निसर्गाचे नियम न मोडता माणसाला औषध काढता येते, तर देवाला का नाही? याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

दुसरा मार्ग दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या बिशपपर्यंत मागे जातो आणि विसाव्या शतकात जॉन हिक या तत्त्वज्ञांनी तो नव्याने मांडला. जग हे सुखासाठी नसून आत्म्याच्या परिपक्वतेसाठी आहे, संकटांशिवाय धैर्य आणि करुणा उगवत नाहीत, असा त्याचा आशय. मोठ्यांच्या आयुष्यात हे कधीकधी दिसते. चार वर्षांच्या मुलीने कसली परिपक्वता मिळवायची? आणि तिच्या मरणाने आपल्यात करुणा आली असे म्हणायचे, तर तिला आपल्या सुधारणेचे साधन केले. हिक यांनाही शेवटी मरणोत्तर जीवनाचा आधार घ्यावाच लागला.

तिसरे म्हणणे असे की देवाची कारणे आपल्या आकलनापलीकडची आहेत. ही नम्रता योग्य आहे, पण ती फुकट मिळत नाही. देव ज्याला चांगले म्हणतो ते आपल्याला मुळीच ओळखता येत नसेल, तर ‘देव चांगला आहे’ या वाक्याचाही अर्थ आपल्याला कळत नाही असे म्हणावे लागेल. अर्धेच अज्ञान पत्करता येत नाही.

आणि मग क्रूस. युर्गेन मोल्टमन हे जर्मन धर्मचिंतक १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या बॉम्बवर्षावात वाचले, शेजारी उभा असलेला त्यांचा मित्र मेला. पुढे युद्धकैदी म्हणून दिवस काढताना त्यांना मार्कच्या शुभवर्तमानातला येशूचा आक्रोश भिडला: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्यातून त्यांनी मांडले की देव दुःखाबाहेर उभा राहून ते पाहत नाही, तो त्यात आहे. यावर कार्ल राहनर या कॅथलिक पंडितांनी हरकत घेतली की देवही माझ्याच गर्तेत सापडला असेल तर मला बाहेर काढणार कोण? हरकत खरी आहे. मला एवढेच वाटते की क्रूस ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही आणि ज्यांनी त्यातून उत्तर काढून दाखवले त्यांनी त्याची धार घालवली. देव त्या वेळी कुठे होता, याबद्दलचा तो एक दावा आहे. खरा असेल तर फार मोठा, नसेल तर नुसताच हळवा. तो दावा मान्य करायला मी तुम्हाला युक्तिवादाने भाग पाडू शकत नाही आणि पाडू इच्छितही नाही.

ही सगळी उत्तरे तोलायला मी एकच कसोटी वापरते. ती अर्विंग ग्रीनबर्ग या यहुदी विचारवंतांची आहे. नाझींच्या हत्याकांडाबद्दल लिहिताना त्यांनी म्हटले की जळणाऱ्या मुलांसमोर जे म्हणता येणार नाही असे कोणतेही विधान करू नये, धर्माचे असो वा दुसरे कसलेही. तुमच्या बाबतीत ती कसोटी म्हणजे तुमची भावजय. जे तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांत बघून म्हणता येणार नाही, ते रात्रीच्या वादात कितीही बिनतोड वाटले तरी टाकून द्या. पण ही कसोटी नास्तिक वक्त्यांनाही लावा. तिच्या मुलीचा मृत्यू हा कुणाला कोंडीत पकडण्याचा मुद्दा म्हणून वापरताना पाहिले, तर तिला काय वाटेल?

देव नाहीच, असे मानले तर? प्रामाणिकपणे पाहिले तर हा पेच सुटतो. विश्वाने प्रेमाचे वचन दिलेले नव्हते, म्हणून ते मोडलेही नाही. काही शोकग्रस्त माणसांना यात खरा दिलासा मिळतो: हे कुणी केले नाही, कुणी होऊ दिले नाही, ते घडले. यावर श्रद्धाळू लोक म्हणतात की देव नसेल तर तुला या मृत्यूत अन्याय तरी का दिसतो, हा संतापच देवाची साक्ष आहे. मला हा युक्तिवाद निर्णायक वाटत नाही. तुमचा पेच त्यांच्याच दोन विधानांतून, देव समर्थ आहे आणि देव प्रेम आहे यांतून, उभा राहतो. तो मांडायला तुम्हाला दुसरीकडून काही उसने घ्यावे लागत नाही. मात्र एक लक्षात घ्या. देव नाही असे ठरवल्याने पेच सुटेल, शोक सुटणार नाही. त्या आशेने ठरवू नका.

तुमचे दुसरे गृहीतक असे की सगळे सिद्धान्त ही एकच गाठोडी आहे, घ्यायची तर सबंध, टाकायची तर सबंध. इतिहास तसे सांगत नाही. आदामाचा अपराध प्रत्येक बाळाच्या माथी येतो, ही शिकवण पश्चिमेकडे ऑगस्टीन या प्राचीन बिशपमुळे रुजली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात की वारसा आला तो मर्त्यतेचा, दोषाचा नव्हे. कॅथलिक चर्चनेही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ईश्वरविद्या आयोगाच्या दस्तऐवजात, बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. तेव्हा छोटीचा आजार ही कुणा पूर्वजाच्या पापाची शिक्षा होती असे मानणे हे ख्रिस्ती असण्याची अट नाही.

रक्ताबद्दलचा तुमचा प्रश्न जास्त खोल आहे. तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे, रागावलेला पिता आणि त्याच्या शिक्षेखाली मरणारा निरपराध पुत्र, ते त्या रूपात मुख्यतः सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात घडले. त्याआधी अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडितांनी ते सन्मानाचे ऋण म्हणून मांडले होते. त्यांच्या मागून लगेच आलेल्या आबेलार्ड यांनी भर दिला तो क्रूसावर दिसणाऱ्या आणि माणसाचे मन पालटवणाऱ्या प्रेमावर. सुरुवातीच्या शतकांतले लेखक बहुधा मृत्यू आणि सैतान यांच्यावरच्या विजयाची भाषा बोलत. ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढे निकीयाच्या विश्वासांगीकारात आहे, ते कसे घडले याचा एकच सिद्धान्त त्यात नाही. क्षमेसाठी देवाला रक्ताची गरज होती, हे तुम्हाला नैतिकदृष्ट्या सहन होत नसेल तर अनेक निष्ठावंत ख्रिस्ती माणसे तुमच्यासोबत आहेत.

नरकाबद्दलही तसेच. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरी यांनी शेवटी सर्वांचेच पुनःस्थापन होईल अशी आशा मांडली आणि तरीही ते संत मानले जातात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की ज्यांना स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. कठोर मतही अर्थात आहे, आजही अनेक ठिकाणी शिकवले जाते, आणि ते बायबलच्या वचनांवरच उभे असल्याचे त्याचे समर्थक सांगतात. ते नाही असे मी म्हणणार नाही. त्रैक्यावर फार वेळ घेत नाही, कारण तुमची झोप त्यामुळे उडालेली नाही. एक आणि तीन हे एकाच अर्थाने म्हटलेले नाही: सत्त्व एक, व्यक्ती तीन. ३२५ची निकीया आणि ३८१ची कॉन्स्टँटिनोपल या परिषदांनी समीकरण सोडवले नाही, काय म्हणू नये याची कुंपणे घातली.

याचा अर्थ सगळेच ऐच्छिक आहे असे मात्र नाही. येशूमध्ये देव स्वतः आला आणि तो मेलेल्यांतून उठला, हे दोन दावे काढले तर उरते त्याला त्या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने ख्रिस्ती श्रद्धा म्हणता येणार नाही. म्हणून तुमच्या ‘मी ख्रिस्ती उरलो का’ या प्रश्नाची जागा बदला. नरकाच्या एका शिकवणीवरून किंवा योजनेच्या एका वाक्यावरून तो ठरवू नका. या दोन दाव्यांपाशी या आणि तिथे तुम्हाला काय वाटते ते पाहा. ‘होय’ म्हणता येईल, ‘नाही’ म्हणता येईल, ‘आत्ता माहीत नाही’ असेही म्हणता येईल. आजारी मुलाला येशूकडे आणणारा मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्याला कुणी आधी एक बाजू निवड असे सांगितले नाही.

आता रोजच्या जगण्याचे. रविवारी जायचे की नाही? पत्नी आणि मुलगी यांच्यासोबत बसण्यात ढोंग नाही. जे पटत नाही ते ओठांवर आणण्यात आहे, म्हणून ओठ हलवणे थांबवा. विश्वासांगीकाराच्या वेळी उभे राहा आणि गप्प राहा, किंवा जेवढी ओळ मनापासून म्हणता येते तेवढीच म्हणा. प्रभुभोजन घ्यावे की नाही याचे नियम प्रत्येक मंडळीत निराळे आहेत. मनाला टोचत असेल तर काही काळ जागेवर बसून राहा. आणि उपासनेला गेल्यावर छातीत धडधडते, राग अनावर होतो असे होत असेल, तर काही रविवार घरी राहिलात तरी चालेल. ते पत्नीला आधी सांगा, ऐन वेळी नको.

पत्नीशी बोलताना युक्तिवाद नेऊ नका. तुम्ही मॅकी नेता तेव्हा तिला ऐकू येते ते असे की मुलीसकट आपण ज्यावर उभे आहोत ते हा काढून घेणार. तिला आधी सांगा की तुम्हाला काय गमावल्यासारखे वाटते: प्रार्थना करता येत नाही, एकटे पडल्यासारखे होते, तिचा हेवा वाटतो, जे असेल ते. मग विचारा की ती स्वतः या मृत्यूनंतर कशी तग धरून आहे. उत्तर मध्येच तोडू नका, दुरुस्त करू नका. तिलाही प्रश्न पडले असतील आणि तुम्ही आधीच इतके विचारता म्हणून ती ते बोलत नसेल, अशी माझी शंका आहे. तुमचे एकमत व्हायला हवे असे नाही. मुलीसमोर काय बोलायचे नाही यावर मात्र व्हायला हवे.

मुलीला ‘देवाने नेले’, ‘देवाला आवडली म्हणून बोलावले’ असे दोघांनीही म्हणू नका. नऊ वर्षांचे मूल त्यातून सरळ हिशेब करते की मीही देवाला आवडले तर? ‘झोपली’ असेही नको, मुले झोपायला घाबरू लागतात. साध्या शब्दांत सांगा: तिच्या रक्तात आजार झाला, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, आजार जास्त बलवान होता आणि ती मेली. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. तू काही बोललीस, मनात आणलेस किंवा प्रार्थना विसरलीस म्हणून हे झालेले नाही. हे शेवटचे ती न विचारताही सांगा, कारण बहुतेक मुले ते विचारत नाहीत आणि मनात बाळगतात. ‘पण देवाने का थांबवले नाही?’ असे तिने विचारले तर ‘मला माहीत नाही, मीही हेच विचारतो. आईला वाटते की ती देवाजवळ आहे, तिला विचार ना’ हे पुरे. घरात दोन मोठी माणसे वेगळा विचार करतात आणि एकमेकांवर प्रेम करतात, हे मुलीला पेलते. तुम्ही खोटे बोलत आहात हे कळले तर ते पेलत नाही.

भाऊ आणि भावजय यांच्याकडे तुमचे प्रश्न नेऊ नका, त्यांनी विषय काढला तरच बोला. कदाचित त्यांना त्याच श्रद्धेने सावरलेले असेल आणि तुम्ही त्यांच्यासाठी रागावलेले असाल. मुलीचे नाव मात्र घ्या. लोक वर्षभरात नाव घेणे सोडतात, आईबापांना ते फार लागते. तिच्या वाढदिवशी फोन करा.

आईचे वेगळे. तिला शंका सांगणे हे कर्तव्य असल्यासारखे तुम्ही लिहिले आहे. तसे काही नाही. तिने विचारले तर खोटे बोलू नका. ‘छोटी गेल्यापासून प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी तू कर’ एवढे खरे आहे आणि तिला कळेल असे आहे. मनाचा कौल कायमचा ठरला, मग सांगायची वेळ येईल. आज तो ठरलेला नाही.

रात्रीचे वाचन बंद करा. या विषयाचे वाचू नका असे म्हणत नाही, दिवसा वाचा, दोन्ही बाजूंचे वाचा, हातात पेन घेऊन वाचा. मध्यरात्रीनंतर जिंकण्यासाठी केलेले वाद ऐकत राहिल्याने विचार होत नाही, जखम उघडी राहते. झोप, भूक किंवा कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगून काय करायचे असे मनात येत असेल तर आजच भेटा आणि पत्नीला सोबत न्या. त्याला श्रद्धेचा प्रश्न समजून अंगावर काढू नका.

शेवटचे, पाळकांशी बोलण्याबद्दल, कारण कुणाशी तरी समोरासमोर बोलण्याची तुम्हाला गरज आहे. उपासनेनंतरच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागून घ्या आणि सुरुवातीलाच सांगा की मला आत्ता उपदेश नको, तासभर ऐकून घ्याल का? मग पाहा, ते तुमच्या पुतणीबद्दल आधी विचारतात की तुमच्या शंकांबद्दल, आणि एकदा तरी ‘मला माहीत नाही’ म्हणतात का. म्हणाले तर पुन्हा जा, आणि नरक, रक्त, आदाम हे सगळे प्रश्न एकेक करून त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी विश्वास वाढवायला सांगितले आणि घड्याळाकडे पाहिले, तर आभार मानून निघा आणि दुसऱ्या कुणाला विचारा. ती व्यक्ती पाळक असायलाच हवी असेही नाही. ज्यांनी स्वतः मूल गमावले आहे आणि तरीही जे मंडळीत आहेत, किंवा त्याच कारणाने जे मंडळीतून निघून गेले, अशा दोघांशी बोलणे झाले तर त्याहून बरे. त्यांना वाद घालायला लावू नका, त्यांचे पहिले वर्ष कसे गेले ते विचारा.